ड्रॅगन राहू द्या, कर्जाचं बोला

(पत्र थोडं आटोपशीर करून देत आहे.)

तुमचं सदर नेमाने वाचते. वय ५३. चिपळूणला एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणी विभागात आहे. नारायण धारपांच्या भयकथा आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत मोठी झाले. मग नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण यात वाचन सुटलं ते सुटलंच. लॉकडाउनमध्ये मुलाच्या खोलीत ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे पाच जाडजूड खंड सापडले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण पाचही वाचले. खरं सांगू? ड्रॅगन आले की मी पानं भराभर उलटायचे. मला त्या दरबारातली माणसं आवडली. राज्य कर्जात बुडालंय आणि तरी राजा मेजवान्या आणि सामने भरवतो, हे वाचून तर अंगाचा तिळपापड व्हायचा. सहावा खंड काही येत नाही. पुण्यात एका मोठ्या दुकानात ‘असंच काहीतरी द्या’ म्हटलं. तिथल्या मुलाने दोन पुस्तकं काढून दिली. एकात सोळा वर्षांची मुलगी जादूच्या शाळेत, दुसऱ्यात ड्रॅगनवर बसणाऱ्या पोरापोरींचं प्रेमप्रकरण. दोन्ही शंभर पानांत मिटली. मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या नव्या मालिका शोधायच्या कशा? एकेक मालिका दीड-दोन हजार पानांची. फसगत झाली तर महिने वाया जातात. घरात ‘या वयात राक्षसांच्या गोष्टी?’ हेही ऐकून घ्यावं लागतं. ता. क. माझे सगळे धारप २०२१च्या पुरात गेले.
– अ., चिपळूण

प्रिय अ. ताई,

दुकानातल्या त्या मुलाची चूक नाही. त्याला तुम्ही पुस्तकाचं नाव सांगितलंत, स्वतःबद्दल काही सांगितलं नाहीत. त्या नावात त्याला ड्रॅगन ऐकू आला, म्हणून त्याने ड्रॅगन काढून दिला. सध्या त्या कपाटात तरुण मुलामुलींसाठीची पुस्तकं आणि ‘रोमँटसी’ म्हणतात ती प्रेमकथा-अधिक-जादू यांचीच गर्दी आहे, कारण खपतात ती. वाईट असतात असं नाही. माझी भाची त्यांच्यासाठी रात्र-रात्र जागते. तुमच्यासाठी नाहीत, इतकंच.

तुम्हाला काय हवंय ते मात्र तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे, आणि ते माझ्यापेक्षा तुमच्या पेशाने जास्त नेमकं सांगितलंय. आजवर मला आलेल्या पत्रांमध्ये त्या पुस्तकातलं कर्ज लक्षात ठेवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. साठ लाख सोन्याच्या मोहरा, त्यातल्या तीस लाख राणीच्या माहेरच्या! राजाच्या सल्लागार मंडळात हा आकडा निघतो, तेव्हा बहुतेक वाचक पुढच्या तलवारबाजीकडे धावतात. तुम्ही तिथे थांबलात. म्हणजे तुम्हाला ‘ड्रॅगनवालं’ पुस्तक नको आहे. सत्ता पैशावर कशी चालते आणि तो पैसा हाताळणारी माणसं कशी वागतात, हे दाखवणारं पुस्तक हवंय. मागच्या पुस्तकातलं नेमकं काय आवडलं हे एका वाक्यात सांगता आलं की पुढचं पुस्तक शोधण्याचं अर्धं काम झालं. ‘कशासारखं हवं’ हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण त्या मालिकेनंतर जाड पुठ्ठ्याच्या प्रत्येक पुस्तकावर ‘त्यासारखंच’ असं छापलेलं असतं.

आता तुमच्या त्या वाक्यावरून मी काय काढून देईन ते सांगते.

पहिलं नाव डॅनिअल एब्राहम. त्याची मालिका ‘द डॅगर अँड द कॉइन’, म्हणजे खंजीर आणि नाणं. पाच खंड. पहिला ‘द ड्रॅगन्स पाथ’ २०११चा, शेवटचा २०१६चा. मालिका पूर्ण आहे, हे आधीच सांगून टाकते. नावात ड्रॅगन असला तरी घाबरू नका, ते हजारो वर्षांपूर्वीच खपले आहेत, मागे उरलेत ते त्यांचे रस्ते. यातली सिथ्रिन नावाची अनाथ मुलगी एका बँकेत वाढलेली आहे. अक्षरशः बँकेत. पेढीनेच तिचा सांभाळ केलाय, अंकगणित आणि हुंड्या हेच तिचं बाळकडू. शहरावर फौज चालून येते, शहर पडणार हे दिसतं, आणि पेढीतली सगळी संपत्ती गाडीत लोकरीच्या कापडाखाली लपवून बाहेर काढायचं काम या पोरीवर येतं. ती मुलाचा वेश करून गाडीवान होते. पुढे दुसऱ्या एका शहरात, वरिष्ठांना न विचारता, खोट्या कागदपत्रांवर ती त्याच बँकेची शाखा उघडून बसते. ठेवी घेते, कर्जं देते, शाखा चालवून दाखवते. आणि मग, अ. ताई, मुख्य कचेरीतून ऑडिटर येतो.

पुढचं सांगत नाही.

दुसरं पुस्तक याहून कडू आहे. सेथ डिकिन्सनचं ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’, २०१५चं. बारूचं बेट एक साम्राज्य गिळतं, पण तोफा लावून नव्हे. आधी व्यापारी येतात, मग कागदी चलन, मग शाळा, मग रोगराई, मग कायदे. तिच्या आईला दोन नवरे आहेत, बेटावर ती रीतच आहे. नव्या कायद्यात ती बसत नाही, आणि त्यातला एक बाप एक दिवस नाहीसा होतो. बारू हिशेबात हुशार. साम्राज्याच्याच शाळेत शिकून, साम्राज्याच्याच नोकरीत शिरून त्याला आतून पोखरायचं, असं ती ठरवते. तिची पहिली नेमणूक होते ती दूरच्या एका बंडखोर प्रांतात प्रमुख हिशेबनीस म्हणून. तिथे शिजत असलेलं एक बंड ती कसं मोडते? चलनाची किंमत पाडून. तलवार उपसली जात नाही, फक्त नोटा मातीमोल होतात आणि बंडाची सगळी जुळवाजुळव तिजोरीतच मरते. मी हे प्रकरण वाचून झाल्यावर चहा करायला उठले आणि गॅस न लावताच पाच मिनिटं ओट्यापाशी उभी राहिले.

यात दोन गोष्टी लक्षात असू द्या. इंग्लंडच्या आवृत्तीवर या पुस्तकाचं नाव नुसतं ‘द ट्रेटर’ असं आहे. आपल्याकडे दोन्ही आवृत्त्या येतात, तेव्हा एकच पुस्तक दोनदा घेऊ नका. दुसरं म्हणजे मालिका अपुरी आहे, २०२०मध्ये तिसरा खंड आला आणि चौथ्याची वाट बघणं चालू आहे. मात्र पहिला खंड स्वतःच्या पायावर उभा आहे. शेवट इतका घट्ट मिटतो की तिथेच थांबलात तरी चालेल. मी दोन आठवडे थांबले होते, वेगळ्या कारणाने.

तुमचं ‘मोठ्या माणसांसाठी’ म्हणजे काय, याचंही उत्तर मला या पुस्तकात सापडतं. रक्तपात आणि बेडरूम घातली की पुस्तक प्रौढांचं होतं, असा एक गैरसमज आहे, प्रकाशकांमध्ये तर फारच. मला विचाराल तर ज्यात केलेल्या गोष्टीची किंमत वळती होते, ते मोठ्यांचं पुस्तक. बारू जिंकते तेव्हा ती कोणाच्या खात्यातून जिंकते, हे लेखक विसरू देत नाही.

‘या वयात राक्षसांच्या गोष्टी’ म्हणणाऱ्या मंडळींना पुस्तकातलं हे चलनाचं प्रकरण चहाबरोबर तोंडी सांगून बघा. पुस्तक हातातून जाईल, याची मात्र तयारी ठेवा.

आता शोधायचं कसं, त्याकडे येते. वर एब्राहमचं नाव घेतलं ना, त्याचाच धागा पुढे ओढते. तुम्ही वाचलेल्या पाच खंडांच्या जॉर्ज मार्टिनबरोबर याच एब्राहमने काम केलंय, ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं चित्रकथेतलं रूपांतर त्याचं आहे. मार्टिनचा मदतनीस म्हणून काम करणारा टाय फ्रँक आणि हा एब्राहम, दोघांनी मिळून जेम्स एस. ए. कोरी हे एकच टोपणनाव घेतलं आणि ‘द एक्स्पान्स’ ही विज्ञानकथांची मालिका लिहिली. २०११ ते २०२१, नऊ कादंबऱ्या, पूर्ण. म्हणजे तुमच्या आवडत्या लेखकाच्या ओट्यावर बसलेल्या माणसांनीच पुढे स्वतःची दुकानं थाटली. अशी माणसं शोधायची. ज्या लेखकाचं पुस्तक आवडलं, त्याच्या शेवटच्या पानावरचे आभार वाचा. कुणी कच्चा खर्डा वाचला, कुणाबरोबर लेखनगटात बसले, सगळं तिथे असतं. आपण आभार वाचत नाही, पुस्तक संपलं की मिटतो. मला निम्मे लेखक तरी त्या पानावर भेटलेत.

‘एक्स्पान्स’बद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण ती तुम्हाला आवडेल असं मला वाटतं. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा असे तीन पक्ष. पट्ट्यातल्या माणसांना हवा आणि पाणी विकत मिळतं. कथा पेट घेते ती बर्फ वाहून नेणारं एक जहाज उडवलं जातं तिथून. आपल्या भाषेत पाण्याचा टँकर. टँकर आला नाही की गल्लीत काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला ती कादंबरी समजावून सांगावी लागत नाही.

पुरस्कारांच्या याद्या हा दुसरा रस्ता, पण त्या वाचायची एक पद्धत आहे. ह्यूगो पुरस्कार १९५३पासून दिला जातो, जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मतं देऊन ठरवतात. म्हणजे वाचकांचा कौल. २०१८पासून त्यात ‘उत्कृष्ट मालिका’ हा कायमचा विभाग झाला. नियम असा की किमान तीन खंड हवेत आणि एकूण दोन लाख चाळीस हजार शब्द तरी हवेत. तुमच्यासारखीला ही आयती यादीच आहे. शिवाय त्याच सोहळ्यात ‘लोडस्टार’ नावाचा वेगळा पुरस्कार किशोर-तरुणांच्या पुस्तकाला देतात. एखादं नाव त्या यादीत दिसलं की समजायचं, हे भाचीसाठी. दुकानात जे वेगळं करून मिळत नाही ते इथे वेगळं करून ठेवलेलं असतं. इंग्लंडचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षक ठरवतात, त्यामुळे तिथे जरा अवघड, विचारांची पुस्तकं येतात. मी दर वर्षी विजेत्यापेक्षा अंतिम यादीतली सहाच्या सहा नावं बघते. पहिल्या नंबरावर सगळ्यांचं एकमत झालेलं असतं, आणि माझी आवड एकमतात सहसा बसत नाही.

मग आंतरजालावरचे तारे. पाच तारे देणारा प्रेमात असतो, एक तारा देणाऱ्याला पुस्तक उशिरा पोचलेलं असतं. तीन तारे देणाऱ्या वाचकाचं म्हणणं वाचा. ‘दोनशे पानं नुसतं राजकारण, लढाई एकच’ अशी तक्रार त्याने केली असेल तर ती तुमच्यासाठी शिफारस आहे.

आणि फसगतीचं म्हणाल, तर तपासणी विभागातल्या बाईंना मी काय सांगणार! तुम्ही सगळी व्हाउचरं तपासता का? नमुना काढता. पुस्तकाचंही तेच करा. किंडलचं ॲप फोनवर फुकट मिळतं, आणि बहुतेक पुस्तकांची सुरुवातीची प्रकरणं त्यावर पैसे न देता वाचता येतात. पण नुसत्या पहिल्या पानावर जाऊ नका. पहिलं पान प्रत्येक लेखक घासूनपुसून ठेवतो, तपासणीच्या आदल्या दिवशी शाखा झाडून काढतात तसं. दहा-पंधरा पानं पुढे जा आणि जिथे दोन माणसं नुसती बोलत बसली आहेत, जादू नाही, मारामारी नाही, असं ठिकाण शोधा. ते बोलणं वाचवत असेल तर पुढची हजार पानं वाचवतील. तिथेच जांभई आली तर ड्रॅगनही वाचवू शकणार नाही.

विकत घेण्याआधी हातातला मालिकेचा कितवा खंड, एकूण किती खंड, मालिका पूर्ण का अपूर्ण, हे बघणं आलंच. हे मी अनुभवाने बोलते. वीसेक वर्षांपूर्वी फोर्टच्या फुटपाथवर दीडशे रुपयांत सातशे पानांचा एक ठोकळा मिळाला म्हणून मी खुशीत घरी आले. चाळीस पानं झाली, सगळी पात्रं कुणासाठी तरी धाय मोकलून रडतायत, आणि मला मेलेला कोण तेच कळेना. अनोळखी मयताला गेल्यासारखी मी खाली मान घालून बसले होते. तो दुसरा खंड होता. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते मी चष्मा लावून वाचलं नव्हतं. किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं भरतात, तिथेही हेच. तिथे दोन नंबरचे आणि चार नंबरचे खंड मुबलक, एक नंबरचा कुणी सोडतच नाही. आयएसएफडीबी नावाचं एक फुकट संकेतस्थळ आहे, दिसायला अगदी सरकारी, पण लेखकाचं नाव घातलं की त्याच्या सगळ्या मालिका क्रमाने आणि सालासकट समोर येतात. खरेदीआधी तिथे एक फेरी मारा.

पूर्ण-अपूर्णचं मात्र फार मनावर घेऊ नका. मार्टिनचा पाचवा खंड २०११चा, तेव्हापासून जगभरचे वाचक ताटकळलेत, त्यामुळे ‘पूर्ण झाल्याशिवाय हात लावणार नाही’ अशी शपथ घेतलेले पुष्कळ आहेत. पण पूर्ण झालेली मालिका चांगलीच असते असं थोडंच? ‘व्हील ऑफ टाइम’चे चौदा खंड आहेत, १९९०ला सुरू होऊन २०१३ला संपले. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, शेवटचे तीन खंड त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने लिहिले. सुरुवात छान, शेवट छान. मधले काही खंड म्हणजे दिवाणी कोर्टातल्या तारखा. निवृत्तीनंतर बघा, आत्ता नको.

त्यापेक्षा अशी मालिका घ्या जिच्यात प्रत्येक खंडात एक प्रकरण मिटतं. रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं ‘द टेन्टेड कप’ २०२४ला आलं आणि २०२५चा उत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो त्याने घेतला. एका बड्या अधिकाऱ्याच्या अंगातून झाड उगवून तो मरतो, आणि तपासाला येते ॲना नावाची बाई, जी डोळ्यांवर पट्टी बांधून बसते आणि एकदा पाहिलेलं न विसरणाऱ्या आपल्या मदतनिसाला, डिनला, सगळीकडे धाडते. म्हणजे चक्क हेरकथा. हिशेब, परवाने, कंत्राटं, कुणाची सही कुठे, यातून खून उलगडत जातो. दुसरं पुस्तक ‘अ ड्रॉप ऑफ करप्शन’ २०२५चं. नव्या मालिकांपैकी तुमच्या हातात सगळ्यात आधी मी हीच दिली असती, पण एक सांगून ठेवते. त्या साम्राज्यात दर पावसाळ्यात समुद्रातून अजस्र प्राणी किनाऱ्यावर चालून येतात आणि सगळा देश एक भिंत टिकवण्यासाठी राबत असतो. भिंत फुटण्याच्या भीतीने लोक सामान बांधून बसलेत, अशी पानं आहेत. चिपळूणच्या माणसाने ती जुलैत वाचावीत का, हे तुमचं तुम्ही ठरवा. नाहीतर दिवाळीनंतर वाचा.

इंग्रजी सावकाश वाचता, असं लिहिलंत. साडेपाच फूट उंचीचे शब्द आले की किंडलवर बोट दाबून धरा, अर्थ वर येतो. पण या पुस्तकांत लेखकाने बनवलेले शब्द असतात, ते कुठल्याच कोशात नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. लग्न होऊन सासरी गेलात तेव्हा पहिल्या दिवशी चुलत सासरे कोण, मावससासूबाई कोण, हे वहीत लिहून घेतलं होतंत का? नमस्कार करत सुटायचं. गौरी-गणपतीपर्यंत सगळे आपोआप कळतात. पहिली पन्नास पानं तशीच नमस्कार करत काढायची.

किंवा सुरुवात छोट्या पुस्तकाने करा. मार्था वेल्सचं ‘ऑल सिस्टिम्स रेड’ २०१७चं, जेमतेम दीडशे पानं, दोन रविवारांत संपेल. मोहिमेवर निघालेल्या शास्त्रज्ञांना करारातली अट म्हणून एक सुरक्षारक्षक यंत्रमानव भाड्याने घ्यावा लागतो. त्याने स्वतःला काबूत ठेवणारं यंत्र गुपचूप निकामी केलेलं आहे. आता तो मोकळा आहे, कुणालाही मारू शकतो. आणि करतो काय? लपूनछपून टीव्ही मालिका बघत बसतो. माणसं बोलायला आली की त्याला वैताग येतो. रात्री साडेआठला आमच्या घरात जे चालतं त्याहून फार वेगळं नाही. स्वतःला मर्डरबॉट म्हणवणाऱ्या या यंत्रमानवाची पुढची पुस्तकंही बरीचशी लहान आहेत, आणि २०२१ मध्ये उत्कृष्ट मालिकेचा ह्यूगो त्यांना मिळालाय.

नावंच अडतात असं वाटलं तर ताशा सूरीचं ‘द जॅस्मिन थ्रोन’ घ्या. त्यातल्या साम्राज्याचं नाव पारिजातद्वीप, कैदेतली राजकन्या मालिनी, तिच्या सेवेतली प्रिया. दोघींपैकी कुणीच साधी नाही, आणि त्यांच्यातलं प्रेमही सरळ नाही. तीन खंड, २०२१ ते २०२४, पूर्ण. पहिल्या खंडाला २०२२चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार आहे. मला स्वतःला मधला खंड थोडा लांबलेला वाटला. तिसऱ्याने भरपाई केली.

नारळीकरांचं नाव घेतलंत, तेव्हा एक वेगळी पुडी बांधून देते. त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला गेली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव बनवलं होतं. मोठं नाव बघून परीक्षक भुलू नयेत म्हणून. बक्षीस मिळालं. त्या कथांमध्ये एक वैज्ञानिक कल्पना घ्यायची आणि ती शेवटपर्यंत प्रामाणिकपणे चालवायची, हे जे होतं, ते आज एड्रियन चायकोव्हस्कीच्या ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’मध्ये मिळेल. २०१५चं पुस्तक, २०१६चा क्लार्क पुरस्कार. एका ग्रहावर माकडांना झटपट शहाणं करायला सोडलेला विषाणू माकडांऐवजी कोळ्यांना लागतो. हजारो वर्षं जातात, पिढीमागून पिढी कोळ्यांचं राज्य उभं राहतं. मुंग्यांना राबवून घेणारं विज्ञान, जाळ्याच्या धाग्यांवरून चालणारे संदेश, सगळं आहे. माद्यांच्या त्या राज्यात एक नर समान हक्क मागतो, तो भाग वाचून मी एकटीच मोठ्याने हसले होते. घरातल्या झाडूची दिशा त्यानंतर थोडी बदलली, कोपऱ्यातलं एक जाळं मी महिनाभर राहू दिलं.

मराठीत अशी खंडच्या खंड चालणारी प्रौढांची मालिका का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असणार. आपली विज्ञानकथा वाढली ती स्पर्धांतून आणि दिवाळी अंकांतून, म्हणजे वीस-पंचवीस पानांच्या मापात. जागाच तेवढी होती. त्या मापात आपल्याकडे उत्तम काम झालंय, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके पुन्हा काढून बघा, लोंढ्यांपासून सुरू करा. ‘नवल’ आणि ‘धनंजय’चे दिवाळी अंकही चाळत जा, नवे लेखक मला तिथेच दिसतात. आणि मालिकाच म्हणाल तर धारपांचे समर्थ होतेच की. एकच माणूस पुस्तकामागून पुस्तकात येतो, प्रत्येक वेळी नवं संकट, आणि आपण त्याच्या येण्याची वाट बघतो. धारपांची पुस्तकं पुन्हा छापून येत आहेत. पुरात गेलेली सगळी एकदम जमवायला जाऊ नका, दर महिन्याला एक मागवा. आणि या वेळी कपाट वरच्या मजल्यावर.

तर क्रम असा लावा: आधी ते दीडशे पानांचं मर्डरबॉट, हात बसायला. मग ‘द ड्रॅगन्स पाथ’. त्यात सुरुवातीला तीन-चार वेगवेगळ्या माणसांची प्रकरणं आलटून पालटून येतात, सिथ्रिनची आली नाहीत की कंटाळा येईल, दम धरा. ऑडिटर बऱ्याच उशिरा येतो. तो आला आणि त्याने सिथ्रिनची वही उघडली की मला एक ओळ लिहा. तिची शाखा कागदोपत्री पूर्ण बेकायदा आहे आणि नफ्यात आहे. त्याने जो निर्णय घेतला तो मला पटला होता, पण मी कधी कुणाची वही तपासलेली नाही. तुम्ही काय शेरा मारला असता?